ओट्याची उंची
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मागल्या वर्षी आमच्या घरी स्वयंपाकघराचं काम काढलं. जुन्या घरात राहणाऱ्यांना ‘काम काढलं’ एवढं सांगितलं की पुढचं फारसं सांगावं लागत नाही. सिमेंटची धूळ डाळीच्या डब्यात, डाळीचा डबा पलंगाखाली आणि घरातली माणसं एकमेकांवर वैतागलेली. हे सगळं आमच्याकडेही यथासांग झालं. पण आज मी धुळीविषयी बोलणार नाही. त्या निमित्तानं मी काय वाचलं, आणि इतकी वर्षं एका घरात राहून जे विचारायचं मला कधी सुचलं नाही, त्याविषयी बोलणार आहे.

आमचं घर पुण्याच्या नारायण पेठेतलं. माझ्या यजमानांच्या आजोबांनी ते १९३६ साली बांधलं. मातीत रचलेल्या पक्क्या विटांच्या हातभर रुंद भिंती, कडीपाटाचं छत आणि वर मंगळुरी कौलं. स्वयंपाकघर मागच्या अंगाला. त्याला लागून मोरी, आणि मोरीपलीकडे आता बुजवून टाकलेली विहीर. ओटा काळ्या कडप्प्याचा, १९७२ सालचा. नळ गळका. विजेचं बटण एकच, त्यामुळे मिक्सर लावायचा तर फ्रिज बंद करायचा. आणि ओट्यामागच्या भिंतीला कायमची ओल. दर दिवाळीला रंग द्यायचा आणि दर पावसाळ्यात त्याचे पोपडे वेचायचे, हा आमच्या घरचा वार्षिक कार्यक्रम.

एका ओळखीच्यांनी एक कंत्राटदार सुचवला. तरुण, हसतमुख. खिशातून एक छोटं यंत्र काढून त्यानं लाल किरणानं दोन मिनिटांत खोली मोजली. “काकू, ही माजघराची भिंत काढून टाकू. एकदम ओपन किचन. खाली सगळ्या ट्रॉल्या. एकवीस दिवसांत देतो.” फोनवर त्यानं चित्र दाखवलं. चित्र सुंदरच होतं. फोनवरच एका पानाचा खर्चाचा आकडा आला. निम्मे पैसे आगाऊ. आम्ही दिले.

माझ्या सासूबाई तेव्हा माजघरात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांचं वय पंच्याऐंशी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ओटा किती उंच करणार?” मी म्हटलं, “आई, ते ठरलेलं माप असतं. तुम्ही नका काळजी करू.” त्या पुन्हा शेंगा निवडू लागल्या.

पहिल्या दिवशी माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत ओटा फुटला, भिंतीवरच्या फरश्या निघाल्या. फरश्यांमागून एक गंमत दिसली. छातीपर्यंतच्या उंचीला गिलावा सिमेंटचा, करडा. त्याच्या वर पांढरा, चुन्याचा. आणि या दोहोंच्या मधली रेघ चारही भिंतींवर एका पातळीत, जणू कोणी दोरी लावून आखलेली. कामावरच्या मुलानं विचारलं, “हे असं कसं?” सासूबाई दारातून म्हणाल्या, “ते पानशेतचं पाणी.”

१२ जुलै १९६१. त्या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. नदीकाठच्या नारायण आणि शनिवार पेठेतले कितीतरी वाडे बसले, कारण मातीत रचलेली भिंत पाण्यात उभी राहिली की सांध्यांतली माती विरघळून जाते. आमचं घर उभं राहिलं. पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंतचा गिलावा मात्र सुटून पडला. तो नंतर सिमेंटमध्ये करून घेतला, त्यासाठी सासूबाईंच्या हातातल्या पाटल्या मोडल्या. त्यांच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. पानशेतच्या आठवणी मी घरात शंभर वेळा ऐकल्या होत्या. पाटल्यांचं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी माणसं घण घेऊन माजघराच्या भिंतीकडे वळली. सासूबाईंनी आपली खुर्ची उचलली, भिंतीपुढे मांडली आणि तिच्यावर बसल्या. “या भिंतीला हात लावायचा नाही.” त्या का म्हणताहेत ते काही सांगेनात. कंत्राटदार आला, त्यानं समजावलं, यजमानांनी समजावलं, मीही समजावलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, “तुमचं घरात ठरलं की फोन करा.” माणसं गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवसापासून फोन लागेना. लागला तर “दुसऱ्या साइटवर आहे” असं उत्तर. एकवीस दिवस गेले, महिना गेला. मोडलेल्या ओट्याच्या राडारोड्याशेजारी, माजघरात एका शेगडीवर आमचा स्वयंपाक चालू होता.

त्या महिन्यात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी वाचत बसले. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कशाचाही राग आला की ते पूर्वी कधी आणि कुठे घडलं होतं ते शोधायचं, ही जुनी खोड.

आणि श्रोतेहो, हे अगदी पूर्वीपासून घडत आलेलं आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा शिलास्तंभ १९०१ साली इराणात सुसा इथं सापडला. आज तो पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. हे कायदे इसवी सनापूर्वी साधारण साडेसतराशे वर्षांचे. त्यांत घर बांधणाऱ्याची मजुरी क्षेत्रफळावर ठरवून दिली आहे. त्यानं घर कच्चं बांधलं आणि ते कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. इतकं टोक सोडा, पण पुढचं कलम मला फार आवडलं. काम नीट न केल्यामुळे भिंत ढासळली, तर ती बांधणाऱ्यानं स्वतःच्या चांदीनं पक्की करून द्यावी. पावणेचार हजार वर्षांपूर्वीची ही दुरुस्तीची हमी.

आपल्याकडे कौटिल्यानं हा विषय आणखी बारकाईनं हाताळला आहे. अर्थशास्त्राची हस्तलिखित प्रत १९०५ साली म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती लागली आणि १९०९ साली त्यांनी ग्रंथ छापला. त्याच्या चौथ्या अधिकरणाचं नाव कंटकशोधन, म्हणजे समाजातले काटे काढणं. चोर, दरोडेखोर, खोटी मापं वापरणारे व्यापारी हे सगळे त्यात येतातच. पण अधिकरणाची सुरुवात होते ती कारागिरांपासून लोकांचं रक्षण कसं करावं, इथून! काम कुठे, कधी आणि कसं करायचं हे आधी ठरलं पाहिजे. वेळ टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापायचा आणि त्याच्या दुप्पट दंड. सांगितलं एक आणि केलं भलतंच, तर मजुरी बुडाली, वर दुप्पट दंड. दिलेली वस्तू हरवली वा बिघडली तर भरपाई; मात्र अचानक आलेल्या संकटानं तसं झालं असेल तर माफी. मजुरी आधी घेऊन काम न करणाऱ्याला बारा पण दंड.

हे वाचून मला फार समाधान वाटलं. मी यजमानांना वाचूनही दाखवलं. पण पान उलटलं तर पलीकडची बाजूही तिथं होतीच. ठरलेली मजुरी न देणाऱ्या मालकालाही कौटिल्य दंड सांगतो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आमच्या कंत्राटदाराशी आम्ही कुठे, कधी, कसं यांतलं नीट काहीच ठरवलं नव्हतं. एकवीस दिवस, पण कोणत्या तारखेपासून? भिंत काढायची, पण वरचा मजला कशावर उभा राहणार? आमच्याकडे होतं ते एक चित्र आणि एक आकडा.

आजचा आपला कायदाही तसा जुनाच आहे. भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. आजही आपण रंगाऱ्याला ‘उद्यापासून या’ म्हणतो तेव्हा त्याच्याच छायेत म्हणतो. तोंडी करारही या कायद्याला एरवी चालतो. अडचण असते ती पुराव्याची. कलम ५५ सांगतं, की मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती पाळली नाही, तर दुसऱ्या बाजूला करार मोडता येतो. कलम ७३ करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ सालचा नवा कायदा आला, आणि सामान्य माणसाला दाद मागायला जवळचं दार मिळालं. आम्हीही रीतसर लेखी नोटीस पाठवली. निम्म्याहून थोडे कमी पैसे परत आले. तेवढ्यावर आम्ही प्रकरण मिटवलं. तो माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्यानं अस्पष्ट बोलणी केली, आणि आम्ही ती आनंदानं मान्य केली.

या वाचनात शब्दांचीही मौज कळली. ‘कंत्राट’ हा शब्द पोर्तुगिजांचा; त्यांच्या ‘कोंत्रातो’चा. ‘मिस्त्री’ म्हणजे त्यांचा ‘मेस्त्रे’, उस्ताद. घमेलं त्यांचं, पगार त्यांचा आणि काम संपल्यावर मालकाच्या हाती देतात ती चावीसुद्धा त्यांचीच. गोवा त्यांच्याकडे १५१० पासून, आणि वसई १५३४ पासून १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकून घेईपर्यंत. दोन शतकं त्यांनी या किनाऱ्यावर किल्ले, चर्च, वखारी बांधल्या. ते काम केलं आपल्याच गवंड्या-सुतारांनी, आणि काम करता करता शब्द उचलले. त्याउलट करार, मुदत, हिशेब, मजूर हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. म्हणजे काम पोर्तुगीजमध्ये चालतं आणि भांडण फारसीत!

पण हम्मुराबीपासून १८७२ पर्यंत सगळं वाचून झाल्यावरही एक गोष्ट मला कुठे दिसेना. या सगळ्या कायद्यांत दोनच माणसं आहेत. पैसे देणारा आणि बांधणारा. स्वयंपाकघरात मात्र तिसरं माणूस असतं. त्या खोलीत जे रोज चार-पाच तास उभं राहणार, ते. त्याला कोणी विचारायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

मग एका दुपारी मी सासूबाईंजवळ बसले आणि विचारलं, “आई, त्या दिवशी तुम्ही ओट्याची उंची का विचारलीत?”

त्यांनी सांगितलं ते असं. १९५९ साली त्या या घरात आल्या तेव्हा ओटा नव्हताच. जमिनीवर चूल, तिच्या बाजूला वैल. चुलीवर भात, वैलावर आमटी. पुढे पाट घेऊन बसायचं. धूर कौलांतून जाईल तेवढा जाई, उरलेला डोळ्यांत. मग कोळशाची शेगडी आली, मग पंपाचा स्टोव्ह. हा स्टोव्ह म्हणजे १८९२ च्या सुमाराला स्वीडनमध्ये निघालेल्या ‘प्रायमस’चा वारस, पण तोही आमच्या घरी जमिनीवरच ठेवत. बाईला जमिनीवरून उठवलं ते गॅसनं. मुंबईत १९५५ च्या सुमाराला बर्मा शेल कंपनीनं घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. आमच्या घरी सिलिंडर आला १९७१ साली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा, असं कंपन्या सांगतात. शेगडी उंच ठेवायची म्हणजे ओटा हवा. अशा रीतीनं आमच्या घरात १९७२ साली ओटा आला.

त्याची सामग्रीही एका मोठ्या इतिहासाचा भाग होती. ओट्याचा दगड कडप्पा, आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्याचा. खाली शहाबादी फरशी, गुलबर्ग्याजवळच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या, शहाबादची. मुंबईहून निघालेली आणि मद्रासहून निघालेली असे दोन लोहमार्ग १८७१ साली रायचूरला एकमेकांना मिळाले. शहाबाद आणि कडप्पा ही दोन्ही ठिकाणं त्याच एका मार्गावरची. दगड वाहून नेण्यासारखं खर्चाचं काम आगगाडीनं स्वस्त केलं, आणि ही दोन गावांची नावं महाराष्ट्रातल्या घराघरांत सामान्यनामं होऊन बसली.

“पण उंची?” मी विचारलं.

“उंची तुझ्या सासऱ्यांनी आणि गवंड्यानं ठरवली. तीन फूट. मी तेव्हा तांदूळ निवडत होते.”

माझे सासरे पाच फूट दहा इंच. सासूबाई चार फूट आठ इंच. तीन फुटांचा ओटा, त्यावर सहा इंचांची शेगडी, त्यावर पातेलं. पातेल्याची कड त्यांच्या हनुवटीशी येई. आत काय शिजतंय ते दिसत नसे. म्हणून त्यांनी जो पाट चुलीपुढे बसायला घेत असत, तोच ओट्यापुढे ठेवला आणि त्यावर उभं राहून स्वयंपाक केला. पन्नास वर्षं.

तो पाट मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाहत होते. थंड फरशीनं टाचा दुखतात म्हणून त्या पाटावर उभ्या राहतात, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. सहा वर्षांपूर्वी त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. आम्ही सगळ्यांना सांगितलं, वयानं तोल गेला. त्या पाटावरून घसरल्या होत्या.

श्रोतेहो, ही आमच्याच घरची गोष्ट आहे असं तुम्हाला वाटत असेल तर जरा जर्मनीत चला. कारण आपल्याला आज जे ‘मॉड्युलर किचन’ म्हणून विकलं जातं, त्याचं मूळ तिथं आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरं बांधायची होती. त्या घरांच्या स्वयंपाकघराचा आराखडा १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनी केला. त्यांनी आगगाडीतल्या भोजनाच्या डब्यांतली स्वयंपाकघरं अभ्यासली. घड्याळ लावून कोणत्या कामाला किती पावलं पडतात ते मोजलं. आणि जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब खोलीत फळ्या, खण, बेसिन, बसून काम करायला फिरतं स्टूल, असं सगळं हाताशी बसवलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तयार झाली. बाईंचे कष्ट कमी व्हावेत, हाच त्यांचा हेतू होता. तरी राहायला आलेल्यांच्या तक्रारी झाल्याच. एका वेळी दोन माणसं त्यात मावत नसत. स्वतः श्युटे-लिहोत्स्की १०२ वर्षं जगल्या, २००० साली वारल्या. उतारवयात त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं, की तो आराखडा केला तेव्हा त्यांनी स्वतः कधी घर चालवलेलं नव्हतं, स्वयंपाक केलेला नव्हता. बाईनं बाईसाठी केलेल्या कामातही विचारायचं राहून जातं, तर माझ्या सासऱ्यांना आणि त्या गवंड्याला मी काय बोल लावू? आणि ‘ठरलेलं माप असतं’ असं सांगणारी मी तरी वेगळी कुठे होते?

शेवटी शेजारच्यांच्या ओळखीनं एक वयस्क मिस्त्री आले. भोरकडचे. पिशवीत थापी, ओळंबा आणि घडीची पट्टी. त्यांनी आधी चहा घेतला, मग अर्धा तास नुसतं घर पाहिलं. भिंतीवर थापीच्या दांड्यानं ठोकलं. माजघराच्या भिंतीपाशी मान वर करून उभे राहिले आणि यजमानांना जवळ बोलावलं. “साहेब, ही तुळई बघा कुठं टेकलीय. या भिंतीवर. भिंत काढली तर कडीपाट खाली येईल. काढायचीच तर इंजिनियरला दाखवा, लोखंडी गर्डर टाका. पण माझं ऐकाल तर नका काढू.”

सासूबाई मागून म्हणाल्या, “एकसष्ट साली समोरच्यांची भिंत अशीच बसली होती. वरचा माळा सगळा खाली आला.” म्हणजे त्या दिवशी खुर्ची टाकून बसण्यामागे हे होतं. सांगितलं का नाही, असं मी विचारलं. “तुम्ही सगळे बोलत होतात,” त्या म्हणाल्या.

ओलीचंही कारण मिस्त्रींनी सांगितलं. माती-चुन्याच्या भिंतीत जमिनीची ओल थोडी चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती पुन्हा वाळून जाते. १९६१ नंतर खालच्या भागाला सिमेंट लागलं, वर फरशी बसली, आणि ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. ती भिंतीतच राहिली, वर चढली आणि जिथं सिमेंट संपतं तिथं फुटली. पूर आला होता एक दिवस, आणि आम्ही त्याचे पोपडे साठ वर्षं वेचत होतो. मिस्त्रींनी खालचा सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करायचं ठरवलं. फरशी फक्त ओट्यामागे हातभर.

मग त्यांनी विचारलं, “स्वयंपाक कोण करतं?”

हा प्रश्न पहिल्या कंत्राटदारानं विचारला नव्हता. खरं सांगायचं तर आम्हीही स्वतःला विचारला नव्हता. आता मुख्य स्वयंपाक मी करते, सकाळचा चहा-नाश्ता यजमान करतात, आणि सासूबाई भाजी चिरतात, कणीक मळतात, लोणची-मसाले कोणाला करू देत नाहीत. मिस्त्री म्हणाले, “आजी, जरा इकडं उभ्या राहा. हात कोपरात असा दुमडा.” त्यांनी पट्टी जमिनीला टेकवून कोपरापर्यंत मोजलं. नंतर माझं मोजलं, यजमानांचंही मोजलं. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, आणि शेगडीची जागा त्याहून थोडी खाली, हा त्यांचा हिशेब. सासूबाई खुर्चीवर बसल्या, पुन्हा मोजलं. शेवटी ठरलं असं, की मुख्य ओटा तेहतीस इंच, आणि खिडकीशी अडीच फुटांचा एक तुकडा अठ्ठावीस इंच, खाली गुडघे जातील असा मोकळा. तिथं आजींनी खुर्चीवर बसून काम करायचं.

या वेळी आम्ही करार कागदावर केला. दोन पानं झाली. कोणतं काम, कोणत्या सामानानं, ते सामान कोणी आणायचं. सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख. पैसे चार हप्त्यांत, प्रत्येक हप्ता कोणतं काम पुरं झाल्यावर ते लिहून. राडारोडा कोणी उचलायचा. जास्तीचं काम निघालं तर आधी त्याचा दर लिहायचा, मग हातोडी उचलायची. दहावा हिस्सा काम संपल्यावर महिन्यानं, म्हणजे नळ गळतो की काय ते कळल्यावर. आणि आमच्या बाजूचं बंधनही लिहिलं, की हप्ता ठरल्या दिवशी द्यायचा आणि मधेच मन बदललं तर मोडलेल्या कामाची मजुरी द्यायची. मिस्त्रींनी सगळं दोनदा वाचून घेतलं. खाली यजमानांची सही, मिस्त्रींची सही आणि तिसरी सही सासूबाईंची. त्यांच्या नावापुढे काय लिहायचं यावर जरा चर्चा झाली. शेवटी मी लिहिलं, ‘स्वयंपाकघर वापरणार’.

काम तीस दिवसांत व्हायचं होतं, चौतीस लागले. अवकाळी पावसानं चुना वाळेना. कौटिल्य अशा वेळी माफी देतो, आम्हीही दिली.

तुमच्याकडे असं काम निघणार असेल तर माझं सांगणं फार नाही. चित्र बघा, पण त्याआधी तुळई कुठं टेकली आहे ते बघा. आकडा ऐका, पण तारीख लिहून घ्या. निम्मे पैसे कोणाला आगाऊ देऊ नका आणि कष्टाचे पैसे कोणाचे अडवू नका. आणि ओट्याचं माप घेताना त्या ओट्यापुढे जे माणूस उभं राहणार आहे, त्याला आधी उभं करा. घरातल्या मोठ्या माणसानं एखादा लहानसा प्रश्न विचारला, तर ‘तुम्ही नका काळजी करू’ म्हणण्याआधी तो का विचारला, ते विचारा.

शेवटच्या दिवशी मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा झाडलोट करत होता. कोपऱ्यात तो जुना पाट होता. मधोमध झिजलेला, दोन पावलांच्या जागी गुळगुळीत. “आजी, हा कुठं ठेवू?” त्यानं विचारलं. मला वाटलं, त्या म्हणतील देवघरात ठेव, नाहीतर मला दे. सासूबाई खिडकीशी खुर्चीवर बसून नव्या ओट्यावर कैरी चिरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“माळ्यावर टाक,” त्या म्हणाल्या.